हबची वेगळी वायर

दोन वाजता मॅडमचा कॉल येणार होता आणि दीडला माझं पेडल मेलं.

माझं काम म्हणजे डॉक्टरांनी बोलून ठेवलेले रिपोर्ट ऐकून टाइप करणं. पेडल पायाखाली असतं. दाबलं की आवाज सुरू, सोडलं की बंद, त्यामुळे हात कीबोर्डवरून हलवावे लागत नाहीत. बाळंतपणाची रजा संपत आली होती. घरून काम जमतंय का, हे मॅडम आज स्वतः बघणार होत्या. जमलं तर घर. नाहीतर सोमवारपासून ऑफिस आणि आठ महिन्यांचं पिल्लू पाळणाघरात.

लॅपटॉपला वायरी लावायला जागा दोनच, त्यातली एक चार्जरने अडवलेली. म्हणून मी हब आणला होता. तो लॅपटॉपला जोडायचा आणि बाकीचं सगळं त्याला: कीबोर्ड, माउस, हेडफोन, पेडल. शिवाय कॅमेरा. त्याची लांब वायर दाराच्या फटीतून आतल्या खोलीत गेली होती आणि पिल्लू काय करतंय ते मला स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसत होतं.

पिल्लू सांभाळायला नणंद आली होती. ती कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात काम करते. कॅमेरा बघून म्हणाली, "मी भाच्याला सांभाळायला आलेय की मलाच कोणी सांभाळतंय?"

"तसं नाही हो ताई."

"तसंच आहे. असू दे."

पण कॅमेरा सुरू केला की दोन मिनिटांत पेडल बंद पडायचं. मग हेडफोन. मी सगळं काढून पुन्हा लावलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. पंचवीस मिनिटं उरली.

ताई पिल्लाला कडेवर घेऊन वाकली. "या हबला वीज कुठून मिळते?"

"लॅपटॉपमधून."

"म्हणजे एका ताटात पाच जण जेवतायत, आणि कॅमेरा सगळ्यात खादाड. याच्याबरोबर अ‍ॅडॉप्टर आला असेल ना?"

आला होता. मी तो खोक्यातून काढलाच नव्हता. भिंतीतला प्लग जमिनीपासून वीतभर उंच आहे आणि पिल्लू रांगायला लागल्यापासून त्यावर मी तीन पदरी चिकटपट्टी लावलीय. जमिनीवर एक वायर कमी, तेवढाच जिवाला घोर कमी.

"मग कॅमेरा काढून टाक," ताई म्हणाली.

मी कॅमेऱ्याच्या वायरीवर हात ठेवला.

"बरं, नको काढूस. अगं, पण हा माझ्याबरोबर आत असणार. दार मी ओढून घेणार. मग इथल्या प्लगला हात लावणार कोण? तू?"

मी नखांनी चिकटपट्टी ओरबाडून काढली. अ‍ॅडॉप्टर लावला, त्याची पिन हबच्या बाजूच्या भोकात खुपसली. हबवर हिरवा दिवा लागला. कॅमेरा सुरू केला, पेडल दाबलं. कोणा डॉक्टरांचा खोकला कानात स्वच्छ ऐकू आला. दोन मिनिटं गेली. पाच गेली. काहीच बंद पडलं नाही.

मॅडमनी वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग दिलं. मध्ये एकदाच माझी नजर स्क्रीनच्या कोपऱ्यात गेली. ताई कॅमेऱ्याला जीभ दाखवत होती आणि पिल्लू तिच्या कानातलं ओढत होतं. मी तो चौकोन लहान करून टाकला.

दीड तासाने मॅडम म्हणाल्या, "एका ठिकाणी डाव्या मूत्रपिंडाचं उजवं केलंयत. तेवढं जपा. बाकी चांगलंय. सोमवारपासून घरूनच करा."

मी हेडफोन काढला, आत गेले, आणि तोंड उघडायच्या आधीच रडू फुटलं.

ताईचा चेहरा उतरला. "नाही म्हणाली?"

"हो म्हणाल्या. घरूनच."

"मग रडतेस कशाला, येडे? घे हा, तासभर माझा कान पिळतोय."

पिल्लू माझ्या खांद्यावर लाळ गाळत विसावलं. सकाळपासून आपण काही खाल्लेलं नाही, हे मला तेव्हा कळलं. मी त्याला तसंच कडेवर घेऊन स्वयंपाकघरात गेले आणि उभ्या उभ्याच सकाळची गार पोळी खाल्ली. किती दिवसांनी अन्नाला चव लागली.