दादाच्या पेशी

डॉक्टरीणबाईंनी काही म्हणायच्या आतच दादाने बाही कोपरापर्यंत सरकवली आणि हात टेबलावर ठेवला.

“काढा किती काढायचं ते. आज बेकरी बंदच ठेवलीय.”

धाकट्या बहिणीचा रक्ताचा कॅन्सर चार वर्षांनी उलटला होता. आठवड्यापूर्वी दादाच्याही कमरेच्या हाडातून बोन मॅरो काढून तपासायला नेला होता. म्हणजे पुन्हा आपलाच लागणार, हे तो धरून चालला होता. चार वर्षांपूर्वी तिला पहिल्यांदा मॅरो दिला तेव्हापासून, बहिणीच्या अंगात आपलं रक्त खेळतं, हे तो पावाबरोबर प्रत्येक गिऱ्हाइकाला देत आला होता. बायको म्हणायची, आता पुरे, लोक दुसरी बेकरी शोधतील.

“बाही खाली घ्या,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तिच्या रक्तात ज्या पेशी बिघडल्यात, त्या तिच्या नाहीत. पुरुषाच्या आहेत. तुमच्या.”

टेबलावरचा हात आपलाच आहे, हे दादाला क्षणभर कळेना.

“म्हणजे मीच दिला तिला आजार?”

“तुम्ही चांगल्याच दिल्या होत्या. पण अशा पेशी हाडात एकट्या राहत नाहीत. शेजारच्या पेशी त्यांना सांभाळतात, कधी वाढायचं, कधी गप्प बसायचं ते सांगतात. आधीच्या कडक औषधांनी तिच्या हाडातली ती जागाच पोळली असावी. बहुधा तिथे राहून त्या बिघडल्या. फार क्वचित होतं असं.”

“आणि माझ्यात आहेत त्या?”

“ठणठणीत. आजच रिपोर्ट आला.”

दादाच्या जिवात जीव आला, आणि लगेच त्याला स्वतःची इतकी शरम वाटली की त्याने मान खाली घातली.

“चांगल्या आहेत तर घ्या ना परत.”

“या वेळी दुसऱ्या कुणाच्या तरी शोधतोय आम्ही.”

बहिणीच्या खोलीपर्यंत जाताना त्याने मनात तीन वाक्यं जुळवली आणि तिन्ही मोडली. ती पलंगावर बसून टॉवेलची घडी घालत होती.

“काय आला तुझा रिपोर्ट?”

तो दारातच थबकला. “तुला ठाऊक होतं?”

“पंधरा दिवस झाले. मीच बाईंना म्हटलं, आधी त्याचं हाड तपासा, तोवर त्याला काही बोलू नका. तुझ्या पोटात काही राहतं का? बोल ना, काय आलं?”

“ठणठणीत आहे म्हणे.”

“नक्की?”

“तुझी शपथ.”

“माझी नको. जरा टिकाऊ कुणाची तरी घे.”

त्याला हसू आलं नाही. “खरंच सांगतोय. माझ्यात काही नाही.”

तिने मान डोलावली. घडी घातलेला टॉवेल उशाशी ठेवायला गेली, तर तो हातातून निसटून खाली पडला. पंधरा दिवस औषधं, कागद, सह्या सगळं त्याच हातांनी नीट धरलं होतं.

“दादा,” ती म्हणाली, “आता मला भीती वाटतेय रे.”