त्रिशिखर सिमेंटचे भागीदार

चौकशीतलं काही घरी बोलायचं नाही, हे पथ्य वृंदा पारखीनं नोकरीभर पाळलं होतं. ते मोडलं हरीशच्या कटकटीमुळे.

ती दिल्लीत, मक्तेदारीला आळा घालणाऱ्या सरकारी आयोगात अर्थशास्त्राची अधिकारी. चौऱ्याण्णव साल होतं. परवाने गेले, कंपन्या मोकळ्या सुटल्या, आणि लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरांतही संध्याकाळी शेअरचे भाव बोलले जाऊ लागले. वृंदाच्या टेबलावर सिमेंटचं प्रकरण होतं. उत्तरेतल्या चार कंपन्या एकाच सोमवारी, एकाच आकड्यानं दर कशा वाढवतात? इकडे तिचा नवरा हरीश नोएडातल्या मराठी मंडळींच्या हाउसिंग सोसायटीचा सेक्रेटरी. सिमेंट महागलं, ठेकेदारानं काम थांबवलं, आणि हरीश रोज जेवताना त्या ठेकेदाराच्या नावानं खडे फोडू लागला.

"त्याला कशाला शिव्या देता?" एकदा ती वैतागून म्हणाली. "सिमेंट जड. लांबून आणायचं तर सगळा फायदा भाड्यातच जातो, म्हणून इथे बाहेरचा कुणी येत नाही. नवा कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. मग आहेत ते चौघं एकमेकांत भांडतील कशाला? मजेत दर वाढवतात, मजेत नफा खातात. त्यात ती त्रिशिखर सिमेंट म्हणजे पुढारी. तिनं वाढवले की बाकीचे मागोमाग."

हरीश पोळीचा घास हातात धरून ऐकत राहिला. मध्येच त्यानं दोन प्रश्न विचारले, तेही शहाण्यासारखे. इतक्या वर्षांच्या संसारात तिच्या विषयात त्यानं पहिल्यांदाच लक्ष घातलं होतं. वृंदा मनातून सुखावली, आणि आणखी बोलली.

महिन्याभरानं सोसायटीची सभा झाली, नोएडाच्या प्लॉटवरच, अर्धवट खांबांच्या सावलीत. वाढीव हप्त्यावरून रण माजणार म्हणून ती हरीशला धीर द्यायला गेली होती. पण कुणी ब्र काढला नाही. उलट इंदुमती साठे, सभासदांतल्या सगळ्यात थोरल्या आणि सगळ्यात भांडखोर, तिचा हात धरून म्हणाल्या, "वृंदा, तुझे उपकार गं बाई! हप्ता वाढला तर वाढला. त्रिशिखरनं सगळं भरून काढलं."

"कुणी?"

"अगं, शेअर! हरीशनंच सांगितलं ना सगळ्यांना. म्हणाला, घरचीच खबर आहे, बिल्कुल पक्की. आम्ही घेतले, दातारांनी घेतले, त्यानं स्वतःही घेतले की!"

आजूबाजूचे चार जण तिच्याकडे बघून कौतुकानं हसले. वृंदानं इंदुमतीबाईंच्या हातातून आपला हात सोडवून घेतला.

परतताना निजामुद्दीनच्या पुलावर गाड्या तुंबल्या होत्या.

"अहो, त्या कंपनीची चौकशी मी करतेय!"

"तू काय गुपित फोडलंस का? सिमेंट जड असतं हे कुणालाही कळतं."

"मग इतकी वर्षं तुम्हाला का नाही कळलं?"

"चिडतेस कशाला यार? मी काय चोरी केली? ज्यांनी आपल्याला लुटलं, त्यांच्याकडूनच वसूल करतोय."

"उद्या कंपनीचा वकील विचारेल, बाईंच्या नवऱ्याकडे शेअर कसे? काय सांगू त्याला? आणि मी सगळं सिद्ध केलं, दर उतरले, तर तुमची ती अख्खी सभा माझ्याच नावानं बोटं मोडेल!"

"म्हणून तर म्हणतो, जरा सबुरीनं घे," हरीश बोलून गेला, आणि लगेच त्यानं जीभ चावली.



दुसऱ्या दिवशी तिनं आपल्या वरिष्ठांना, माथुर साहेबांना, सगळं सांगितलं. "आपने बता दिया, अच्छा किया," ते म्हणाले, "लेकिन केस अब आपके पास नहीं रह सकता." दीड वर्षाची मेहनत एका नव्या अधिकाऱ्याच्या हवाली झाली. त्यानं आल्या आल्या विचारलं, चारही कंपन्यांना वेगवेगळं बोलवायचं कशाला, एकत्रच बोलावलं तर? वृंदानं कपाळाला हात लावला.

हरीशला कळलं तेव्हा तो मनापासून ओशाळला. आसफ अली रोडवरच्या दलालाकडे जाऊन त्यानं आपले शेअर विकून टाकले. सोसायटीत मात्र बातमी निराळीच पसरली. वृंदाकडून केस काढली म्हणजे केस ढिली पडली, असा अर्थ लावून मंडळींनी त्रिशिखर आणखी घेतला. भाव चढला. इंदुमतीबाईंचा फोन आला, "हरीशनं घाई केली गं. तू तरी थांबवायचंस!" वृंदानं फोन आपटला.

"यापुढे माझ्या ऑफिसचं एक अक्षर विचारायचं नाही," तिनं जेवताना बजावलं.

"बरं," हरीश म्हणाला. पोळी मोडत त्यानं हळूच विचारलं, "मग आपण बोलायचं काय?"

वृंदानं आणखी एक पोळी त्याच्या पानात वाढली, जरा आपटूनच.

चौकशीचा निकाल काही वर्षांनी लागला. कंपन्यांना, पुन्हा असं करू नका, अशी तंबी मिळाली. तोवर पारखी मंडळी नोएडातल्या फ्लॅटवर राहायला आली होती. हरीशचं शेअर बाजाराचं पान वाचणं काही सुटलं नाही. फक्त पेपर घेऊन तो आता बाल्कनीत जाऊन बसे, आणि वृंदा आतून सरकतं दार लावून घेई.