हवानाचा खेळाडू कोपरच्या लॉकरमध्ये

मित्रांनो, आधारकार्ड आणि रेशनकार्ड तुम्हाला ठाऊक आहेत. मी त्यांच्या जातीचा नव्हे. मी एक जुना, तळहातात मावणारा कागदाचा तुकडा आहे. माझ्यावर बेसबॉलची बॅट खांद्यावर घेतलेल्या एका खेळाडूचं चित्र आहे. माझा जन्म क्यूबा देशातला. तिथे आम्ही गोळ्या-चॉकलेटांबरोबर मिळायचो आणि मुलं आम्हाला खळ लावून आल्बममध्ये चिकटवायची. मी तेवढा खळीतून सुटलो, कारण ज्याचं चित्र माझ्यावर होतं त्याच्याच घरी मी पोचलो. त्याचा मुलगा रामोन मला खिशात घेऊन फिरायचा.

रामोन मोठा होऊन हवाना बंदरात हमाल झाला. तिथे एका मालवाहू जहाजावर मारुती नावाचे कोकणातले खलाशी आले होते. माल उतरवताना दोर तुटला आणि पेटी त्यांच्या पायावर आली. रामोनने त्यांना पाठीवर टाकून डॉक्टरकडे नेलं आणि जहाज सुटेपर्यंत रोज जेवण पोचवलं. एकाची भाषा दुसऱ्याला येत नव्हती. निघायच्या दिवशी रामोनने मला मारुतींच्या हातात ठेवलं, चित्रावर बोट टेकवलं आणि म्हणाला, "पापा." एवढा एक शब्द मारुतींना कळला. आपल्या बापाचं चित्र माणूस कुणाला देतो, हेही कळलं.

असा मी डोंबिवलीत, कोपरच्या घरात आलो. मारुतींच्या बायकोने, रखमाबाईंनी, मला पाहिलं आणि विचारलं, "अहो, हा धोपाटणं घेऊन कुठे चाललाय?" मारुती पोट धरून हसले. पुढे कितीतरी वर्षं संध्याकाळच्या चहानंतर ते मला तळहातावर घेऊन बसत. त्यांच्या अंगठ्याने माझा एक कोपरा झिजून गोल झाला. मला त्याचं वाईट वाटलं नाही. मी सुखात होतो.

मग त्यांच्या मुलाने, सुदेशने, मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. जुन्या क्यूबन बेसबॉल कार्डांना परदेशात म्हणे मोठी मागणी आहे आणि पुढे भाव आणखी चढणार आहे. इतकी वर्षं या सुदेशने माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता त्याने माझ्यासारखी आणखी कार्डं मागवली. ती बहुतेक नकली निघाली, तेव्हा माझा मान आणखी वाढला. मला प्लॅस्टिकच्या पाकिटात घालून तो कपाटातल्या लॉकरमध्ये ठेवू लागला. "दहा वर्षं थांबायचं. ठाकुर्लीला आपला स्वतःचा ब्लॉक झालाच समजा," असं तो घरात सांगत सुटला.

मारुतींची नजर तोवर अधू झाली होती. चित्र दिसत नव्हतं, म्हणून त्यांना मी हातात हवा होतो. रोज चहा झाला की ते मला मागत. लॉकरच्या दारामागून मला सगळं ऐकू येई.

"बाबा, हात नका ना लावू. बोटांचं तेल लागतं, व्हॅल्यू जाते."

"अरे, इतकी वर्षं लावलाच ना?"

"म्हणून तर एक कोपरा गेलाय."

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मला बाहेर काढलं. चौरंगावर दागिने, नोटा, नवी केरसुणी, लाह्या-बत्तासे आणि त्यांच्यात मी. शेजारी बसलेल्या मारुतींनी चाचपत हात पुढे केला. सुदेशने तो हळूच बाजूला सारला. मग देवीसमोर लक्ष्मी झाकलेली नको, म्हणून मला पाकिटातून काढलं, ओलं बोट हळदी-कुंकवात बुडवलं आणि रामोनच्या बापाच्या तोंडावर टेकवलं. त्यावर अक्षता टाकल्या आणि नमस्कारही केला. कुंकू माझ्यात खोलवर उतरलं. मला राग आला, पण कागदाच्या रागाला कोण विचारतो?

मारुती माघात गेले. शेवटच्या आठवड्यातही त्यांनी मला मागितलं होतं. "बरे व्हा, मग देतो," असं सुदेश म्हणाला होता.

सुदेशला दहा वर्षं काही धीर निघाला नाही. पाऊस सरल्यावर तो मला माजिवड्याला देवेश नावाच्या जुन्या वस्तूंच्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेला. देवेशने मला भिंगाखाली धरलं.

"झिजलेल्या कोपऱ्याचं चाललं असतं हो. जुन्या कार्डाला तेवढं असतंच. पण तोंडावर हा लाल डाग कसला? हे कोण घेणार?"

घरी येऊन सुदेशने मला टेबलावर टाकलं. "घे आई, काही किंमत नाही याला. आता कुणीही हात लावा."

रखमाबाईंनी मला उचललं. मग म्हणाल्या, "लावणारा गेला रे."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. मला फार जपलं गेलं. तुमच्या घरातलं म्हातारं माणूस एखादी वस्तू मागत असेल, तर ती आज त्याच्या हातात द्या. मी आता रखमाबाईंच्या उशीखाली असतो. चहा झाला की त्या मला बाहेर काढतात आणि त्या गोल कोपऱ्यावर आपला अंगठा ठेवून बसतात.