काल्याच्या कीर्तनात भुरी

काल्याचं कीर्तन रंगात आलं होतं आणि वीणा त्रिंबकच्या गळ्यात होती. सप्ताह बसल्यापासून ती वीणा खाली टेकली नव्हती. एकानं दुसऱ्याच्या पाया पडायचं आणि गळ्यातून गळ्यात द्यायची, असा आमच्या गावाचा नेम. काल्याला मात्र मान त्रिंबकचा. गळा गोड, आणि पाऊल टाकलं की बघणाऱ्याचेही पाय हलावेत.

बुवांनी भूतदयेवर निरूपण धरलं होतं. बोलता बोलता त्यांनी मागं हात केला.

"लांबचं कशाला सांगू माउली? या वीणेकऱ्यांकडंच बघा. धुळाजी ऊसतोडीला गेला, त्याची कुत्री, भुरी, कोण सांभाळतंय? आपल्या ताटातली भाकर तिला घालणारा हा माणूस. वाजवा टाळी!"

टाळ्या पडल्या. त्रिंबकनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, किती नम्र!

कारण वेगळंच होतं. भुरीच्या कानांत अन् बोटांच्या बेचक्यांत एरंडाच्या बियांएवढे गोचीड झाले होते. पाठीवर खरूज, केस गेलेले. ट्रकमध्ये चढताना धुळाजी म्हणाला होता, "दादा, तेवढं शिरूरला दवाखान्यात दाखवा हिला. हिचा भाऊ गोचिडाच्या तापानंच गेलता." त्रिंबकनं हो म्हटलं, अन् मग सप्ताह आला. मांडव, भजन, पहारे. शिरूर राहून गेलं. काल सप्ताहाचे अध्यक्ष सुंदरराव कानाशी लागले, "भाऊ, ते खरजुलं मांडवात नगं. बुवा येणार, लोकं नावं ठेवतेल. तुमच्याच मागं फिरतंय, तुमीच बघा."

आज काकडा झाल्यावर त्रिंबक गोठ्यात गेला. कापसाच्या फवारणीची बाटली उरलेली होती. गोचिडाला बैलांनाही तीच लावतात इकडं बरेच जण. पाण्यात कालवून फडक्यानं त्यानं भुरीचं सारं अंग पुसून काढलं. ती हलली नाही. मग त्यानं आंघोळ केली, पांढरं धोतर नेसला, बुक्का लावला आणि मांडवात येऊन उभा राहिला. भुरी गोठ्यात अंग चाटत बसली होती.

बुवा पुढचं चरण घेणार, तोच मांडवामागं आरडाओरडा झाला.

"पिसाळली! पिसाळली! लेकरं घ्या आत!"

स्वयंपाकाच्या भट्टीजवळ भुरी झोकांड्या खात होती. तोंडातून लाळेच्या तारा, अंगाला थरकाप. बायका उठल्या, मृदंग थांबला. कारभारी नावाचा धिप्पाड गडी दोघातिघांना घेऊन काठ्यांसकट पुढं झाला. सुंदररावांनी शिरूरच्या जनावरांच्या डॉक्टरला, पंचशीला मॅडमला, फोन लावला. आवाज मोठा करून ठेवला, सगळ्यांना ऐकू जावा म्हणून.

"कुणाला चावलीय?"

"अजून तरी न्हाई."

"जवळ जाऊ नका. अंगाला काही लावलंय का? विषबाधेतही अशीच लाळ गळते."

सुंदररावांना रागच आला. "इष कोण घालंल मॅडम? आमचे त्रिंबकभाऊ लेकरावानी जपतेत तिला."

"मग रेबीजही असू शकतो. मी निघालेच. मारू नका, लांबूनच दोर टाकून अडकवा."

"निघाल्या म्हणं!" कारभारी म्हणाला. "त्या येस्तोवर धा जणाला चावंल. गावजेवण हाय आज."

त्रिंबकनं सगळं ऐकलं. बोटं तारेवर चालूच होती. मॅडम आल्या की हळूच बाजूला घेऊन सांगू, असं त्यानं मनाशी ठरवलं. एकटीला सांगू.

तेवढ्यात भुरी पाय ओढत मांडवाकडं निघाली.

"बघा, माणसावर येतंय!"

ती माणसावर येत नव्हती. ती त्रिंबककडं येत होती.

कारभारीची काठी वर गेली. वीणा खाली ठेवता येईना अन् घ्यायला जवळ बुवांशिवाय कुणी नाही. त्रिंबक तसाच बुवांपुढं गेला, त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि वीणा त्यांच्या गळ्यात घातली.

"काय झालं माउली?"

"ती पिसाळली न्हाई. मी फवारणीचं औषध चोळलंय तिला. सकाळी. मारू नका म्हणा."

बुवांच्या छातीशी माईक होता. मांडवानं ऐकलं, भोंग्यातून गावानंही ऐकलं.

कारभारीनं काठी खाली घेतली. सगळे त्रिंबककडं नुसते बघत राहिले, आणि तेच त्याला सोसवेना.

सुंदररावांनी मॅडमना पुन्हा फोन लावला, अन् त्यांनी सांगितलं तसं, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून, त्रिंबकनं हापशावर भुरीला साबणानं पुन्हा पुन्हा धुतलं. हापसा कारभारी मारत होता. मध्येच म्हणाला, "आधी कावून न्हाई बोलला, भाऊ? मारलीच असती की मी." त्रिंबकनं पुन्हा साबण लावला.

पंचशीला मॅडम आल्या, सुया टोचल्या. "लाळ आटली तर जगेल. उद्यापर्यंत काही पाजू नका. गोचिडाचं न् खरजेचं मग बघू, त्याला साधी औषधं आहेत." मग त्यांनी बाटली फिरवून पाहिली. लाल त्रिकोण, वर कवटी.

"काका, वाचता येतं ना तुम्हाला?"

"येतं."

त्यांनी बाटली त्याच्यापुढं ठेवली.

काला फुटला. लाह्या-दह्याचा प्रसाद वाटताना सुंदरराव आले. "आरतीला वीणा घ्या भाऊ. झालं गेलं."

"हाताला वास हाय," त्रिंबक म्हणाला.

भुरीची लाळ हळूहळू आटत होती. आरतीचा आवाज येत होता, तेव्हा तिच्याजवळ बसून त्रिंबकनं धुळाजीला फोन लावला. ऊस तोडण्याचा आवाज थांबला, धुळाजीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"आसंल दादा," धुळाजी म्हणाला. "तुमाला म्हाईत नसंल."

वाट मोकळी होती. नुसतं 'हो' म्हणायचं. भुरीनं डोकं उचलून त्याच्या ओल्या धोतरावर ठेवलं.

"म्हाईत होतं, धुळाजी," त्रिंबक म्हणाला. "लोकं नावं ठेवतेल म्हणून लावलं."