सोळावं शिंग

मुलांनो, क्षणभर डोळे मिटा आणि असं समजा, की तुमच्या घरात डोकं एकच आहे. तुमचंच. आणि तुम्हांला एक मुकुट करायचा आहे, जो दुसऱ्या कुणाच्या तरी डोक्यावर नीट बसला पाहिजे. आता माप कशावर बघाल? स्वतःच्या डोक्यावर चढवलात तर तो तुम्हांला दिसणार नाही. आरशासमोर गेलात तर दोन्ही हात मागे अडकलेले, मग कात्री कोण धरणार? करा विचार. घाई नाही.

अख्तरबीनं यावर तपेलीचा उपाय काढला होता. त्या शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास मलकापुरातल्या आपल्या घरी, पुढच्या खोलीत, ती उपड्या घातलेल्या तपेलीला एक बाशिंग बांधून ते लांबून न्याहाळत होती, तेवढ्यात दारात स्कूटी थांबली.

"अख्तरबी, हाय का घरात?" मागच्या सीटवरून रंगूबाईनं हाक मारली. रंगूबाई शेजारची, चार घरची धुणीभांडी करणारी. स्कूटी चालवणारी त्यांपैकीच एका घरची सून होती.

"मी कुटं जाती? ये की."

"ह्या आमच्या वैनी. ह्यांच्या शिवांजलीचा वाढदिस हाय आज, पाच वाजता. आन् टोप्याच आल्या न्हाईत."

"टोप्या नाही हो, हेडबँड," वहिनी कपाळावरचा घाम पुसत म्हणाल्या. "युनिकॉर्नचे. पंधरा मागवले होते, सकाळी पार्सल फोडलं तर आत नुसते फुगे. पोरगी रडून लाल झालीय. दुसरीच्या सगळ्या वर्गाला सांगून बसलीय ना! दुकानं पालथी घातली मी, कुठं मिळेनात. मग रंगूबाई म्हणाल्या, तुम्ही मुकुट करता."

"मुकुट न्हवं, बाशिंगं करती. काय म्हणला, युनी...?"

वहिनींनी मोबाइल पुढे धरला. अख्तरबीनं चष्मा कपाळावर सरकवून डोळे बारीक केले.

"ह्यो तर घोडा हाय."

"हो, पण शिंगवाला."

"घोड्याला शिंग? ते बी कपाळात? रंगू, तू बगितलाईस कवा?"

"आवं, एक शिंग मोडल्याला बैल बगितलाय मी. त्यो बी आसाच दिसायचा," रंगूबाई म्हणाली, आणि एवढ्या घाईत वहिनींनाही हसू आलं.

अख्तरबीनं माळ्याकडे नजर टाकली. माळ्यावर भेंडाचे तुकडे होते. भेंड म्हणजे पाणथळीत वाढणाऱ्या झुडपाचं खोड. पांढरंशुभ्र आणि इतकं हलकं, की हातात घेतलं तरी काही घेतल्यासारखं वाटत नाही. त्याची बाशिंगं मागायला आता वर्षात दोन-चारच माणसं येत.

"व्हतील," ती म्हणाली.

"एक करा मावशी, मागं बांधायच्या दोऱ्या नकोत हं. बाशिंगासारखं दिसलं तर आमच्या सासूबाई घर डोक्यावर घेतील. गोल कडं करा, डोक्यात घातलं की झालं. आणि किती द्यायचे?"

"इसाला एक. भेंड पडूनच हाय घरात." मग जरा थांबून तिनं विचारलं, "घातल्यावर मला बगाय मिळतील का?"

"फोटो पाठवते ना!" वहिनींनी किक मारली सुद्धा.

अख्तरबीचा फोन बटणांचा होता. त्यात फोटो येत नसे. पण हे सांगायला समोर कुणी उरलं नव्हतं.

आता एवढं साधं मागणं तिनं का मागावं? चाळीस वर्षं तिनं बाशिंगं केली. लोक यायचे, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं बाशिंग जपून न्यायचे, आणि लग्न कुठे पाटणला तर कुठे सांगलीला लागायचं. तिचं काम नवऱ्यामुलाच्या कपाळावर कसं दिसतं, हे तिला कधी बघायला मिळालं नाही. तिनं बाशिंग पाहिलं ते एकाच डोक्यावर, आपल्या नवऱ्याच्या. पीरमहंमद सांगाडा बांधायचा, ती बेगड आणि मोती लावायची, आणि मग माप बघायला तो भिंतीला टेकून ताठ बसायचा. सीझनमध्ये दिवसातून दहा-दहा वेळा नवरदेव व्हायचा बिचारा. नाकावर माशी बसली की हटकून हलायचा. "हिलो नको जी," ती दटावायची. घरात दोघं दख्खनीच बोलत. मग ती दोन पावलं मागे सरून मान वाकडी करून बघायची, आणि तो विचारायचा, "कैसा दिसतौं?" ती कधीच उत्तर द्यायची नाही. नुसती गाठ सारखी करायची.

चार वर्षांपूर्वी तो गेला. तेव्हापासून तपेली. तपेली हलत नाही आणि काही विचारतही नाही.

तपेली मोठ्या माणसाच्या डोक्याएवढी होती. दुसरीतल्या पोरीचं डोकं केवढं असेल? अख्तरबीनं कामाचा डबा उघडला. तळाशी, मोत्यांच्या पुड्यांखाली, गाठी मारलेला एक लाल दोरा होता. तो तिच्या नातीच्या, अल्फियाच्या डोक्याच्या मापाचा. अजमल, तिचा मुलगा, सांगलीला हळदीच्या पेठेत कामाला लागला आणि बायकोमुलीला घेऊन तिकडेच राहिला. ते निघाले त्या दिवशी पोरीला टोपरं करून पाठवायचं म्हणून तिनं हा दोरा धरला होता. अल्फियासुद्धा दुसरीतच आहे, तिला आठवलं. चला, माप मिळालं.

शिंगाचा रंग कोणता असतो ते विचारायला तिनं सांगलीला फोन लावला. बराच वेळ वाजला. कुणी उचलला नाही. मग तिनं मनानंच सोनेरी ठरवला.

भेंड कापताना आवाज होत नाही, बरं का. पातळ सुरी ताकातून फिरावी तशी फिरते. तिनं बोटाएवढी शिंगं तासली, त्यांना बेगडाची पट्टी पिळदार गुंडाळली, पुठ्ठ्याची कडी कापून दोऱ्याबरहुकूम खळीनं चिकटवली, दोन्ही बाजूंना कान लावले. घोड्याचे कान तिला ठाऊक होते, तिथे काही अडलं नाही. दुपारी जेवायची राहिली. साडेतीनला पंधरा झाले, आणि तिनं सोळावा करायला घेतला.

हा पीरमहंमदचा नेम. लग्नाची ऑर्डर आली की एक लहानसं बाशिंग जास्तीचं द्यायचं, फुकट. मांडवात एखादं तरी पोर हटून बसतं, मलाही पाहिजे म्हणून. "रुसेल त्याचं," तो म्हणायचा. वाढदिवसातही एखादं रुसेलच की.

पाचच्या ठोक्याला ती पिशवी छातीशी धरून बंगल्याच्या फाटकाशी पोचली. सोळावा तिनं पिशवीतच ठेवून घेतला. रुसणारं रुसल्याशिवाय तो द्यायचा नसतो. वहिनींनी धावत येऊन पंधरा मोजून घेतले. "किती गोड झालेत हो! आभारी आहे मावशी, फोटो पाठवते हं." पैसे दिले, फाटक लागलं.

अख्तरबी बोगनवेलीखाली दम खात उभी राहिली. आतून पोरांचा कलकलाट येत होता. मग एकदम तो थांबला, आणि एका मुलीचा रडवेला सूर ऐकू आला.

फाटक पुन्हा उघडलं. "अख्तरबी, थांबा, थांबा!" रंगूबाई धापा टाकत होती. "एक बी बसंना गेलंय!"

व्हरांड्यात पंधरा मुलं उभी होती. प्रत्येकाच्या टाळूवर कडं चिमणीसारखं टेकलेलं. मान हलली की घरंगळत होतं. चमचमत्या फ्रॉकमधल्या शिवांजलीची हनुवटी थरथरत होती.

"मावशी, माप न घेताच केलंत का हो?" वहिनींचा आवाज चढला होता.

"माप घिऊनच केलंय." अख्तरबीनं पदराच्या गाठीतून लाल दोरा काढला आणि शिवांजलीच्या डोक्याभोवती धरला. दोन टोकं भेटेनात. मध्ये तीन बोटांची जागा उरली.

ती त्या जागेकडे बघत राहिली. अजमल सांगलीला गेला तेव्हा अल्फिया दीड वर्षाची होती. वय आजचं धरलं आणि डोकं तेव्हाचं. दोरा डब्यात होता तेवढाच राहिला होता. पोर तिकडे सांगलीत वाढत होती.

"माजीच चूक," ती म्हणाली. "धा मिनटं द्या मला."

ती पायरीवर बसली. पिशवीच्या कप्प्यात कात्री आणि गोंड्यांच्या दोऱ्याचं रीळ कायमचं असे. कडं मागून कापायचं, दोन्ही टोकांना भोक पाडायचं, दोरी ओवायची. पहिल्या डोक्यावर तिनं हात ठेवला तोच आतल्या झोपाळ्यावरून सासूबाई कडाडल्या, "अगं अगं! लेकराच्या कपाळाला बाशिंग बांधताय काय?"

"आक्का, बाशिंगाला मोत्याच्या सरी असत्यात, फुडं सोडल्याल्या," अख्तरबी मान वर न करता म्हणाली. "हितं एक तरी मोती दावा."

सासूबाई उठून आल्या. चष्म्यावरून एकेक शिंग तपासलं. मोती कुठे सापडला नाही. "मग बांधा बिगीबिगी," त्या म्हणाल्या, "केक इतळाय लागलाय."

पोरं रांगेत आली. वीरधवल नावाचा एक दांडगा गडी शिंगानं पुढच्याला ढुशा देत होता. "हिलो नको," अख्तरबीच्या तोंडून निघालं. मग ती प्रत्येकालाच म्हणू लागली. गाठ मारायची, मागे सरायचं, मान वाकडी करून बघायचं. गरम, घामेजलेली, खरीखुरी डोकी; खोबरेल तेलाच्या वासाची, शांपूच्या वासाची. "कशी दिसते मी?" शिवांजलीनं विचारलं. अख्तरबीनं उत्तर दिलं नाही. नुसती गाठ सारखी केली.

पंधरावं डोकं झालं आणि सगळी पोरं एकदम आत पळाली. दार नुसतं लोटलेलं होतं. टाळ्या ऐकू आल्या, गाणं ऐकू आलं. अख्तरबीनं कापलेले तुकडे वेचून पिशवीत भरले. दोऱ्याचं रीळ गुंडाळलं. लाल दोरा कुठे ठेवावा ते तिला कळेना. तो तिनं मांडीवरच ठेवला. पायरीवर ऊन तिरपं झालं होतं. जायला हवं होतं, पण ती जरा वेळ तशीच बसून राहिली.

दार किलकिलं झालं. हातात केकची बशी घेऊन शिवांजली बाहेर आली. शिंग ताठ होतं.

"आजी, हे तुमचं." बशी पायरीवर ठेवताना तिला पिशवीतून डोकावणारं सोनेरी टोक दिसलं. "हे कुणाचं राहिलं?"

"ते जास्तीचं. जे रुसंल त्येचं."

"पण कुणीच नाही रुसलं."

"व्हय की. बरं झालं."

शिवांजलीनं जरा विचार केला. आतल्या गोंधळाकडे बघितलं, मग पायरीकडे बघितलं. "तुम्ही रुसलाय?"

"मी? न्हाई गं बाई. मी कशाला रुसू?"

"मग एकट्याच बाहेर का बसलाय? मी रुसते तेव्हा इथंच येऊन बसते."

बशीवर माशी आली, ती अख्तरबीनं हातानं वारली.

शिवांजलीनं पिशवीतून सोळावं शिंग काढलं. ते मागून अजून कापलेलं नव्हतं, म्हणून तिनं कात्री उचलून अख्तरबीच्या हातात दिली, आणि कापून होईपर्यंत शेजारी थांबली. भोकांत दोरी तिनं स्वतः ओवली. दोन वेळा चुकली, तिसऱ्यांदा जमली. मग ती अख्तरबीच्या मागे वरच्या पायरीवर जाऊन उभी राहिली, तिचा पदर हलकेच मागे सारला, पांढऱ्या केसांवर ते कडं ठेवलं आणि म्हणाली, "हिलो नको."

तिला गाठ धड येत नव्हती. बुटाच्या लेससारखं काहीतरी तिनं बांधलं. मग पायऱ्या उतरून ती समोर आली, दोन पावलं मागे सरली आणि मान वाकडी करून बघू लागली.