मळखाऊ रंग

आमच्या सायकलींच्या दुकानात, मागच्या खोलीत एक पांढरा फळा आहे. त्यावर खरं तर संपलेल्या मालाची यादी लिहायची. पण गिऱ्हाईक एखाद्या कपड्याला भलतंच काही म्हणालं की तो शब्द तिथे चढवायचा, ही टूम माझी. दुकानात चहूकडची माणसं येतात. विंडचीटरला कोणी जर्किन म्हणतं, कोणी कोट, एका आजोबांनी तर पैरण मागितली होती. महिनाअखेरी ज्याचा शब्द सगळ्यांत मजेशीर ठरेल त्याला बाकीच्यांनी चहा पाजायचा. सलग तीन महिने मी फुकट चहा प्यायले. काय खूश होते स्वतःवर!

माझे बाबा पाट्या रंगवतात. काम उरकून सायकलवरून घरी येईतो अंधारून येतं. मागच्या आठवड्यात एक टेम्पो त्यांच्या कोपराला घासून गेला. "दिसलाच नाहीत हो काका," म्हणून टेम्पोवाला मोकळा झाला. आईच्या जिवाला मात्र तेव्हापासून घोर. "तुझ्या दुकानात मिळतं ना ते चमकणारं? यांना घेऊन दे एकदाचं," ती माझ्या मागेच लागली. मी बाबांना शनिवारी दुकानात बोलावलं.

ते दुपारी आले, रंगाचे शिंतोडे उडालेल्या सदऱ्यातच. पुढे उंच्या होता. वरच्या फळीवरचा माल स्टुलाशिवाय काढतो म्हणून आमचा हा सेल्समन उंच्या.

"काय देऊ काका?"

"ती पिवळी बंडी दाखवा. पट्टे चमकतात ती."

उंच्याने माझ्याकडे बघून डोळा मारला. बाबांनीही माझ्याकडे पाहिलं, ओळख सांगायला तोंड उघडलं, आणि मी कॉम्प्युटरमध्ये डोकं खुपसलं. ते काय समजायचं ते समजले.

"काळ्यात बघा ना काका, काळ्याची फॅशन आहे."

"छे! पिवळ्यासारखं दुरून काही दिसत नाही. पाट्या रंगवणाऱ्याला विचारा," बाबा हसत म्हणाले.

त्या कपड्याला बाह्या नाहीत, पुढून तो उघडा. बंडीच ती, दुसरं काय? घरी मीसुद्धा तेच म्हणते. पण उंच्या जवळ येऊन कुजबुजला, "लिही, लिही, या महिन्याचाही चहा तुझाच!" नाही म्हटलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. मी आत गेले आणि लिहिलं, 'पिवळी बंडी'. पुढे एक हसरा चेहराही काढला.

आरसा मागच्या खोलीतच आहे, हे माझ्या ध्यानातच राहिलं नाही. मी बाहेर येऊन बिलाच्या टेबलाशी बसते तो उंच्याने बाबांना आत पाठवलंही होतं. "जा काका, घालून बघा."

मी दारापर्यंत धावले. बाबा आरशाकडे पाठ करून फळ्यापुढे उभे होते. माझं अक्षर त्यांनीच वळवलेलं. ब्रश धरून, माझा हात हातात घेऊन. ते कोणाचं हे त्यांना सांगायची गरज नव्हती. मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

ते बाहेर आले तेव्हा बंडीची नीट घडी घातलेली होती.

"हे राहू द्या. मळखाऊ रंगात आहे काही?"

"राखाडी आहे. पण काका, अंधारात दिसणार नाही हो ते."

"चालेल. फार नजरेत भरायला नको." मग त्यांनी राखाडी कपड्याकडे नुसतं बोट दाखवलं. त्याला काय म्हणायचं ते काही बोलले नाहीत. "मॅडम, एवढ्याचं बिल करा."

तेव्हा तरी मी 'बाबा' म्हणायला हवं होतं. उंच्या शेजारी उभा होता. मी म्हणाले, "थँक्यू, सर."

ते गेल्यावर मी फळा पुसला. उंच्या विचारत राहिला, काय झालं म्हणून. शेवटी सांगितलं. त्याचाही चेहरा उतरला, पण माझी लाज काही त्यामुळे कमी झाली नाही.

पिवळी बंडी विकत घेऊन मी लवकर घरी आले आणि ती छातीशी धरून फाटकात उभी राहिले. अंधार पडत होता. आई दोनदा बाहेर येऊन रस्ता बघून गेली. मी येणाऱ्या प्रत्येक सायकलवर नजर ताणत होते. कोणाचा दिवा दिसे, कोणाची टोपी.

अगदी हाताशी फाटकाची कडी वाजली आणि मी दचकले.

"इथे कशाला उभी गं, डास चावतील," बाबा रोजच्या आवाजात म्हणाले.

हातातली बंडी पुढे करावी, पाय धरावेत, काय काय ठरवलं होतं.

"तुम्ही दिसलाच नाहीत, बाबा," एवढंच तोंडातून निघालं.