डोळे मिटून ऐकलेलं बेट

उत्तरेश्वरला पालथं झोपवायचं म्हटल्यावर त्याच्या आईनं, गीताबाईंनी, आधी बाजेची नवार सोडली. डोक्याकडच्या पट्ट्या सरकवून तोंड मावेल एवढी फट केली आणि भोवती जुन्या लुगड्याची चुंबळ बसवली. पोरानं त्या फटीत तोंड घातलं. खाली फरशी, फरशीवर एक मुंगी, बास.

उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. संभाजीनगरला ऑपरेशन झालं, पडदा बसवला, डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला. बुडबुडा वर चढतो, म्हणून तोंड कायम जमिनीकडं ठेवायचं, तरच तो पडद्याला दाबून धरणार. जेवायला आणि न्हाणीत जायला उठायचं, तेही मान खाली घालून.

"आणि वाचायचं नाही," दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी बजावलं होतं. "पेपर नाही, मोबाइल नाही. वाचताना डोळे ओळीमागं पळतात. डावा पळाला की उजवाही पळतो."

उत्तरेश्वर आधीच एका जागी ठरणारा माणूस नव्हता. पोलीस भरतीची तयारी करायचा. उजाडायच्या आत नेकनूरच्या रस्त्यावर पळायला जायचा. जेवायला बसला तरी गुडघा हलत राहायचा. आता तो गुडघा बाजेवर हलायचा आणि सगळी बाज कुरकुरायची.

"दादा, पाय," तेजश्री म्हणायची.

"पाय माझा हाय. डॉक्टरनं डोळ्याचं सांगितलंय."

तेजश्री त्याची धाकटी बहीण. बीडच्या कॉलेजात बीएस्सीला होती, रोज एसटीनं ये-जा करायची. दोघांचं एका गोष्टीवर लई जमायचं आणि त्याच गोष्टीवरून रोज वाजायचं. ती गोष्ट म्हणजे अ‍ॅनिमे. जपानी कार्टून म्हटलेलं उत्तरेश्वरला खपायचं नाही. तो आणि बीडला मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेला त्याचा दोस्त वासिफ, दोघं कट्टर. मूळ जपानी आवाजच ऐकायचा, खाली अक्षरं वाचायची. इंग्रजी डब बघणारा त्यांच्या लेखी माणसातच नव्हता.

"डब म्हंजे बिर्याणीवर गुळवणी," वासिफ म्हणायचा.

तेजश्री डबवालीच. "लहानपणी टीव्हीवर जपानी पोरं हिंदीत बोलायची, तवा तुमाला ग्वाड लागायचं," ती म्हणायची. "तवा कुणी म्हणलं न्हाई, आवाज नकली हाय म्हणून." शिवाय तिचं इंग्रजी तिथूनच आलं होतं. बारावीच्या तोंडी परीक्षेत बाईंनी तिला थांबवून विचारलं होतं, कोणत्या क्लासला जातेस म्हणून.

सध्या दोघांचा जीव 'बेल आयलंड' नावाच्या मालिकेत अडकला होता. समुद्रात एक बेट. धुकं पडलं की तिथली घंटा वाजवावी लागते, नाहीतर होड्या खडकावर फुटतात. पण जो घंटा वाजवतो त्याला आपलं एक माणूस कायमचं विसरायला होतं. चेहरा, नाव, सगळं. कियो नावाची पोरगी घंटा वाजवते आणि इसाओ नावाच्या म्हाताऱ्या नावाड्यानं तिला सांभाळलेलं आहे. शेवटचा सीझन नेमका उत्तरेश्वर पालथा पडला त्याच आठवड्यात सुरू झाला. जपानी भाग आधी येत होते, इंग्रजी डब मागाहून.

"जपानी लाव," तो फटीतून म्हणाला. "मी नुसतं ऐकतो. एवढी वर्षं ऐकलंय, समजतं मला."

तिनं मोबाइल बाजेखाली ठेवला. लाटांचा आवाज आला. मग कियो बोलली, इसाओ बोलला, परत कियो. उत्तरेश्वरला 'धन्यवाद' कळलं, 'थांब' कळलं, एकदा 'भाऊ' कळलं. बाकी सगळा पाऊस. भाग संपला तेव्हा त्याची मान ताठ झाली होती.

"काय झालं त्यात?" तेजश्रीनं विचारलं.

"झालं काहीतरी."

"मी सांगू वाचून?"

"तू शाळेतल्या प्रार्थनेसारखं वाचतीस. नगं."

दुसऱ्या दिवशी ती कॉलेजला गेली, गीताबाई शेतात गेल्या. तेजश्रीचा तास झाला नाही म्हणून ती दुपारीच परतली. दारातूनच तिला जपानी आवाज ऐकू आला. उत्तरेश्वरनं बाजेखाली मोबाइल ओढून घेतला होता आणि डाव्या डोळ्यानं तो खालच्या ओळी वाचत होता. पट्टीखाली उजवा डोळाही त्याच्याबरोबर पळत असणार.

"दादा!"

तो दचकला. मोबाइल तिनं हिसकावला. त्यानं शिवी दिली. औषधाचा थेंब घालायला तिनं पट्टी काढली तेव्हा तो हळूच म्हणाला, "तेजू, कडेला काळं दिसतंय. गोल. हलतंय."

पडदा सुटायच्या आधीही त्याला असंच कडेला काळं दिसलं होतं. तिनं लगेच वासिफला फोन केला. वासिफ दुकानाचं शटर ओढून कुणाची तरी व्हॅन घेऊन आला. गीताबाई शेतातून तशाच आल्या, पायाला चिखल होता. व्हॅनच्या मागच्या सीटवर उत्तरेश्वर आईच्या मांडीत तोंड खुपसून बसला आणि बीड येईपर्यंत त्याचा गुडघा एकदाही हलला नाही. तेजश्रीला त्याचीच जास्त भीती वाटली.

"मी पाठवला होता भाग," वासिफ स्टिअरिंगवर हात आपटत म्हणाला. "माझी अक्कल कुठं गेलती बे?"

बीडच्या डॉक्टरांनी डोळ्यात उजेड मारून बराच वेळ पाहिलं. पडदा जागेवर होता. काळं दिसत होतं ती बुडबुड्याची कड. "नशीब समजा," ते म्हणाले. "पण पुन्हा असं केलंत तर माझ्याकडं येऊ नका."

घरी बाजेवर पडल्यावर उत्तरेश्वर फटीतून म्हणाला, "लाव तुझं इंग्रजी. पहिल्या सीझनपासून लाव. डोळे मिटून ऐकतो."

पहिल्या दिवशी त्यानं नुसती कुरकुर केली. कियोचा इंग्रजी आवाज घोगरा होता, नुकत्याच झोपेतून उठलेल्या पोरीसारखा. "ही कियो न्हाईच," तो म्हणाला. इसाओ त्याला काउबॉयच्या सिनेमातल्या शेरीफसारखा वाटला. पण अर्थ कानात शिरत होता, मधे अक्षरं नव्हती. दोन-तीन भागांनंतर कुरकुर कमी झाली आणि तो मधूनच विचारू लागला.

"आता काय दिसतंय?"

"इसाओची झोपडी. तो जाळं शिवतोय. खिडकीत दोन कप. एक सुलटा, एक पालथा."

"पालथा कावून?"

"कायमच असतो की. पहिल्या भागापासून."

बाज कुरकुरायची थांबली. "मी न्हाई बघितला कधी."

"तू खाली वाचत होतास."

तो फटीतून म्हणाला, "तेजू, म्हंजे त्या झोपडीत आधी कुणीतरी ऱ्हात होतं. इसाओनंबी घंटा वाजवलीय. त्याला त्ये माणूस आठवत न्हाई, पण कप फेकवत न्हाई."

कप तेजश्रीला रोज दिसत होता, पण तिनं कधी विचार केला नव्हता. त्यानं लगेच वासिफला फोन लावायला सांगितला.

"कप? कुठला कप बे?" वासिफ तिकडून ओरडला. वासिफनं ती मालिका तीनदा बघितली होती.

पण डबचं सगळंच उत्तरेश्वरनं मान्य केलं नाही. एका भागात कियो इसाओला विचारते, तुला भीती वाटते का? इंग्रजीत इसाओ म्हणतो, मी बरा आहे, पोरी. "जपानीत तो काहीच बोलत न्हाई," उत्तरेश्वर म्हणाला. "नुसता श्वास सोडतो. लावून बघ." तिनं लावून बघितलं. खरंच नुसता श्वास होता, आणि त्या श्वासात सगळं होतं. ते इंग्रजी वाक्य तिला पाठ होतं, आवडतं होतं. "एवढं मात्र वाईट केलं त्यांनी," ती म्हणाली.

संध्याकाळी गीताबाई भाजी निवडत तिथंच बसायच्या. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, पण म्हाताऱ्याचा आवाज आला की हात थांबायचा. "काय म्हणतंय ते?" त्या विचारायच्या. मग उत्तरेश्वर फटीतून नेकनूरच्या बोलीत सांगायचा. कियो 'आमी न्हाई जाणार' म्हणायची आणि इसाओ तिला 'माय' म्हणायचा. आईच्या डोळ्यांसमोर यावं म्हणून तो समुद्राला 'लई मोठं तळं' म्हणायचा.

"समुद्र माहितीय मला," गीताबाई एकदा म्हणाल्या.

तपासणीच्या दिवशी तेजश्री त्याला घेऊन संभाजीनगरला गेली. पडदा चांगला धरला होता. आता बसायला, चालायला हरकत नव्हती. ती खाली औषधं आणायला गेली तेवढ्यात तो डॉक्टरांशी एकटाच काहीतरी बोलला. परतीच्या एसटीत तिनं दोनदा विचारलं. "काय न्हाई," तो म्हणाला आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

तेव्हापासून तो घरात टिकेना. ओट्यावरून अंगणात, अंगणातून रस्त्यापर्यंत, परत आत. पळायचे बूट त्यानं पुसून ठेवले, मग बाजेखाली सारले, मग परत बाहेर काढले. शेजारचा हनुमान नावाचा पोरगा त्याच्याबरोबर पळायचा, तो भरतीच्या मैदानी चाचणीची तारीख विचारायला आला तर हा मागच्या दारानं निघून गेला. गीताबाई बघत होत्या.

शेवटचा भाग इंग्रजीत आला त्या दिवशी वासिफही खवा-जिलेबी घेऊन आला. "मी जपानीत बघितलाय, पण तुमच्याबरोबर बघतो," तो म्हणाला. उत्तरेश्वर भिंतीला टेकून बसला. मोबाइलकडं बघायला आता मनाई नव्हती, तरी त्यानं डोळे मिटले. आई भाजीचं ताट घेऊन शेजारी बसली आणि तो तिला सांगू लागला.

कप कुणाचा ते कळलं. इसाओची बायको होती. तिला आठवायचं म्हटलं तर घंटा फोडावी लागणार होती, आणि तो ते करणार नव्हता. उत्तरेश्वर सांगत होता, वासिफ जिलेबी हातात धरून ऐकत होता. मग इसाओ होडी किनाऱ्याला ओढतो आणि बेटावरच्या लोकांना सांगतो, माझ्या हातांनी आता वल्हवणं होणार नाही. इतकी वर्षं सांगितलं नाही, कारण सांगितलं की ते खरं ठरतं.

"काय म्हणतोय?" गीताबाईंनी विचारलं.

"म्हणतोय..." उत्तरेश्वर थांबला. तेजश्रीनं मोबाइल थांबवला.

"आई, मला न्हाई जाता येणार. भरतीला. डॉक्टर म्हणले, दिसल, पण पहिल्यासारखं न्हाई. धूसर ऱ्हाईल. पळणं, उड्या, गोळा, सगळं बंद. फॉर्म भरला तरी मेडिकलला काढत्याल."

वासिफनं जिलेबी परत कागदावर ठेवली.

"कवा म्हणले?" गीताबाईंनी विचारलं.

"तपासणीला गेलतो तवा."

"आन् इतके दिस एकटाच घेऊन फिरलास?" त्यांनी ताट बाजूला सारलं. त्यांचा हात त्याच्या मानेवर गेला, जिथं पालथं पडून पडून गाठ धरली होती. त्यांनी ती दाबायला घेतली, जरा जोरातच. "मला वाटलं परत कायतरी सुटलं डोळ्यात. मी रोज रातच्याला तुझा श्वास ऐकत होते."

त्यावर उत्तरेश्वर रडला. मोठ्यानं नाही, खांदे हलले तेवढेच. वासिफ उठून बाहेर गेला, बादलीतलं पाणी तोंडावर मारून परत आला आणि म्हणाला, "दुकानात बारकं काम तुला न्हाई जमणार, डोळा हाय तसला. पण गिऱ्हाइकाशी बोलायला माझ्यापेक्षा बरा हायस तू."

"बघू," उत्तरेश्वर म्हणाला.

"बघू काय बघू? सोमवारी ये."

उत्तरेश्वरचा गुडघा हलायला लागला होता. गीताबाईंनी त्यावर हात ठेवला नाही, हलू दिला. ताट परत पुढं ओढून त्यांनी मेथीची जुडी उचलली.

"त्या म्हाताऱ्याचं सांग पुढं," त्या म्हणाल्या. "लोकं काय म्हणली त्याला?"

तेजश्रीनं भाग पुढं चालू केला.